अर्धा कंटेनर

३ फेब्रुवारी, मंगळवार

रक्तदाब तपासणाऱ्या नर्सबाई म्हणाल्या, "सिस्टर फ्रेमा, ओरडायचंच असेल तर कागदावर ओरडा." (सिस्टर म्हणजे ताई; इथे सगळेच मला तसं म्हणतात.) म्हणून ही डायरी. आजपासून कागदावर ओरडते.

आज सकाळी मिस्टर दापाच्या ऑफिसात गेले होते. हा जहाजाचा दलाल. माझा धाकटा भाऊ अताकोरा हॅम्बुर्गहून ट्रकचे जुने गिअरबॉक्स पाठवतो आणि मी ते इथे कुमासीत, सुआमे मॅगझिन या गॅरेजांच्या बाजारातल्या माझ्या दुकानात विकते, हे दापाला वर्षानुवर्षं माहीत आहे. तरी नव्या गिऱ्हाइकाला विचारावं तसं त्याने विचारलं, "मॅडम, माल कसला आहे?"

म्हटलं, "मासे."

त्याला हसू आलं नाही. त्याने भाडं सांगितलं तेव्हा मलाही आलं नाही. गेल्या वर्षीच्या दुप्पट. का, तर जहाजांना लांबचा वळसा पडतो. वळसा जहाजाला आणि घाम मला. हॅम्बुर्गच्या भंगारवाड्यात गिअरबॉक्स जेवढ्याला मिळतो त्याहून त्याला इथे आणायचं भाडं जास्त. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मी तसं म्हटलं तर दापा म्हणाला, "मग कोंबडीच खाऊ नका."

हे सगळं एरवी सोसलं असतं. पण जागेच्या मालकीणबाई, मॅडम अच्याआ, परवा येऊन सांगून गेल्या की दुकान असं ओकंबोकं राहिलं तर सगळ्या ओळीचं गिऱ्हाईक तुटतं. जूनअखेर दुकान भरलेलं दिसलं नाही तर माझी जागा शेजारच्या बेदियाकोला मिळणार. माझ्याकडे आज चार गिअरबॉक्स आहेत आणि त्यातल्या एकाचे दात पडलेत. मॅगझिनच्या या ओळीत मी एकटी बाई. नवरा वारल्यावर हे दुकान मी हिमतीने उभं केलं. ते गेलं तर काय, या वयात टोमॅटो विकायला बसू?

६ फेब्रुवारी

आणखी तीन दलाल पालथे घातले. एक म्हणाला वजनावर भाडं, दुसरा म्हणाला नगावर, तिसरा म्हणाला, "तुमचं बजेट सांगा." माझं बजेट ऐकून त्याने पंखा बंद केला.

वजनावर भाडं म्हणणाराच मला शहाणा वाटला. मॅगझिनमध्ये आम्ही सगळं वजनावरच बोलतो. हा दोन माणसांचा गिअरबॉक्स, ते चार माणसांचं इंजिन. संध्याकाळी अताकोराला फोन करून सांगितलं, की प्रत्येक गिअरबॉक्सचं पुढचं जाड कवच खोलून काढ, तेल निथळून टाक, हलकं होईल तेवढं कर.

"सिस्टर, इथे बर्फ पडतोय. अंगणातच खोलावं लागेल."

"मग कोट घाल."

"घालतो. तुझ्या घराच्या मागच्या खोलीतल्या नळाला पाणी असतं का गं हल्ली?"

हॅम्बुर्गला बसून माझ्या नळाची चौकशी. म्हटलं, असतं, गिअरबॉक्सचं बोल. शेवटी हाइकेला, म्हणजे त्याच्या जर्मन बायकोला, नमस्कार सांगायला सांगितलं. म्हणाला, हो.

२४ फेब्रुवारी

आज पेन दाबून लिहितेय, अक्षर लागलं नाही तर नर्सबाईंना दोष.

अताकोराने दोन शनिवार कुडकुडत सगळ्या गिअरबॉक्सची कवचं खोलली. आज मी मोठ्या दिमाखात परत माझ्या नेहमीच्या दापाकडे गेले आणि घटवलेलं वजन सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाला, "मॅडम, सुटा माल असेल तर वजन आणि आकार यांत जे जास्त भरेल त्यावर भाडं. तुमचा आकारच जास्त भरतो."

लोखंडाचा आकार! वर त्याला लाकडी चौकट हवी, आणि मोजणी त्या चौकटीच्या बाहेरून. म्हणजे गिअरबॉक्सचं भाडं द्यायचं, लाकडाचं द्यायचं आणि मधल्या हवेचंही द्यायचं. आता खोललेली कवचं वेगळ्या पेटीत येणार, म्हणजे आकार घटायच्या जागी वाढला. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं येरझाऱ्यानं. शिंगरू म्हणजे माझा भाऊ.

चूक माझी? मुळीच नाही. लोखंड विकणाऱ्या बाईशी बोलताना वजनाचा उपयोग नाही हे आधी सांगायला नको? मी दापाला म्हटलं, "हवा आमच्या कुमासीत फुकट मिळते, जर्मनीहून मागवत नाही आम्ही." बाहेर बसलेले दोघेजण हसले. दापाने त्यांचंही भाडं वाढवलं असणार.

अताकोराला सांगितलं तेव्हा तो चिडलासुद्धा नाही. त्याचं हे नेहमीचंच. आमच्या घरातला सगळा राग माझ्या वाट्याला आला, त्याला काही उरलाच नाही.

७ मार्च

अताकोराने आज मार्ग काढला. सुट्या मालाला जागा घेण्यापेक्षा पूर्ण कंटेनर घ्यायचा. त्याचं भाडं एकच, आत सोनं भरा नाहीतर हवा. तो म्हणाला, "अर्धा तुझा, अर्धा माझा. भाडंही अर्धं अर्धं."

हिशेब केला, तर माझ्या अर्ध्याचं भाडं सुट्या मालाच्या भाड्याहून खरंच कमी पडतं. एवढे दलाल, एवढे पंखे, आणि शेवटी उपाय काढला तो बर्फात बसलेल्या माझ्या भावाने. आनंद व्हायला हवा होता. पण मी विचारलं, "तुझ्या अर्ध्यात काय असेल?"

"सामान."

"कसलं सामान?"

"थोडं जड, थोडं हलकं."

हे काय उत्तर झालं? अर्धा कंटेनर भरेल एवढा माल गोळा करतोय आणि बहिणीला कळवत नाही. फोन ठेवल्यापासून डोक्यात किडा वळवळतोय.

११ मार्च, बुधवार

किडा खरा निघाला.

दुपारी मी केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याचा गोळा, आणि तळलेला मासा खात बसले होते, तेव्हा बेदियाको दाराला टेकून म्हणाला, "सिस्टर, तुमच्या बोर्गाचा फोन आला होता मला." परदेशात राहिलेल्याला आम्ही बोर्गा म्हणतो, पण बेदियाको ते अशा सुरात म्हणतो की जणू उधारीचं गिऱ्हाईक.

"तुला कशाला?"

"ताफो वस्तीकडे जागा आहे का विचारत होता. दोन खोल्या. कोरड्या हव्यात, कुलूप लागायला हवं. कोणाला बोलू नको म्हणाला."

"मग बोलतोयस कशाला?"

"पोटात राहत नाही ना, सिस्टर."

मी मासा बाजूला सारला. ताफोकडे कोरड्या, कुलपाच्या दोन खोल्या म्हणजे गोदाम. माझा सख्खा भाऊ, एका आईचं दूध प्यालेला, माझ्या नाकासमोर दुकान थाटतोय, आणि सल्ला घेतोय बेदियाकोचा. ज्याला माझी जागा हवी आहे त्याचाच.

लगेच फोन लावला. नर्सबाईंना जे सांगायचं नाही ते सगळं केलं. म्हटलं, तुझा अर्धा माल माझ्या दुकानात यायला हवा, नाहीतर हा कंटेनर समुद्रात बुडव. दुकान भरायला मला तुझा अर्धाही लागणार आहे, समजलं? जूनअखेर समजलं?

तो म्हणाला, "माझं जे आहे ते सगळं तुझ्याकडेच येणार, सिस्टर. दुसरीकडे कुठे जाणार?"

"शपथ घे."

"आईची शपथ."

आता बरं वाटतंय. आईची खोटी शपथ तो घेणार नाही. दोन खोल्यांचं खूळ मी त्याच्या डोक्यातून काढलं, हे बेदियाकोलाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलले होते.

२ एप्रिल

आज कंटेनर भरला. दिवसभर त्याचे आवाजी निरोप येत होते. एकात त्याचा आवाज नुसता घुमत होता, सोमवारी मोकळ्या चर्चमध्ये घुमतो तसा. मी कळवलं, घरातून बोलतोस की विहिरीतून, फोन धड धर. उत्तर आलं, "घरातूनच. आता झालं सगळं."

मी बजावलं, मध्ये फट सोडू नकोस. भाडं भरलंय आपण. चादरी कोंब, कोट कोंब, उशा कोंब, पण मला हवा आणून देऊ नकोस. म्हणाला, फट नाही राहिली.

१५ मे

तेमा बंदरात कंटेनर लागला आणि चोरांचा बाजार सुरू झाला. उतरवायचे पैसे, उचलायचे पैसे, ठेवायचे पैसे, सील बघायचे पैसे. सील बघायला डोळे लागतात, पैसे कशाला?

वर अताकोराने कळवलं की सोडवायला तो स्वतः येतोय. विमानाने. तिकिटाच्या पैशात किती गिअरबॉक्स आले असते याचा त्याने विचार केला असेल का? मी विचारलं, तर म्हणाला, केला.

२३ मे, शनिवार

आला. एक पिशवी घेऊन. बोर्गा येतो तेव्हा टॅक्सीचं मागचं झाकण बंद होत नाही, दोरीने बांधावं लागतं, आणि हा खचाखच भरलेल्या ट्रोट्रो व्हॅनने आला, बाकीच्या उतारूंचे गुडघे ओलांडत. गल्लीतल्या पोरी भेटवस्तू बघायला जमल्या होत्या, त्या तशाच गेल्या. वाळलाय. शर्टाची कॉलर गळ्याभोवती फिरते. मी पाम तेलातलं सूप आणि फुफू केलं होतं, दोनदा वाढून घेतलं आणि भांडं स्वतः घासलं. मी म्हटलं, हाइकेने चांगलं वळण लावलंय. तो घासत राहिला.

विचारलं, परत कधी? म्हणाला, बघू. सुट्टी मोठी मिळालेली दिसते. जर्मन लोक या बाबतीत बरे.

२९ मे

आज तेमाहून परतलो. एकच गोष्ट मनासारखी झाली. कस्टमच्या साहेबाने अताकोराच्या हातातली सामानाची यादी बघून विचारलं, "कायमचे परत आलात?" आणि आमचे अताकोरासाहेब शांतपणे म्हणाले, "हो." कायमचं परतणाऱ्याच्या घरगुती सामानाला सूट असते म्हणे. साहेबाने त्याच्या अर्ध्याच्या करावर पाणी सोडलं. बाहेर आल्यावर मी त्याच्या पाठीवर थाप मारली. म्हटलं, एवढी वर्षं युरोपात काढलीस आणि खोटं बोलायला अखेर कस्टममध्ये शिकलास. तो म्हणाला, "भूक लागलीय, सिस्टर."

६ जून, शनिवार

आज मॅगझिनमध्ये कंटेनर उघडला. हे लिहिताना अजून कानशिलं तापलेली आहेत.

कंटेनर उघडणं म्हणजे इथे जत्रा. मेकॅनिक आले, ड्रायव्हर आले, अंडीवाली आली, बेदियाको तर स्टूल घेऊन आला. मॅडम अच्याआही छत्री धरून उभ्या. दारं उघडली आणि पुढे माझे गिअरबॉक्स, एकावर एक, पट्ट्यांनी आवळलेले, मध्ये चादरी, कोट आणि उशा कोंबलेल्या. मी मोठ्याने म्हटलं, "बघा, याला म्हणतात माल भरणं." हमालांनी दोघादोघांनी उचलून ते दुकानात नेले. दुकानाची एक बाजू भरली. मी दुसरी बाजू झाडून घेतली आणि म्हटलं, "आता त्याचा अर्धा आणा."

आधी गादी आली. मी म्हटलं, असेल, मालाला टेकू म्हणून. मग पलंग आला, खोललेला. मग कपाट. इस्त्रीची फळी. भिंतीवरचं घड्याळ, फडक्यात गुंडाळलेलं. भिंतीवरचं घड्याळ कोणी टेकू म्हणून लावत नाही.

बेदियाको स्टुलावरून म्हणाला, "सिस्टर, हे गिअर कोणत्या गाडीचे?"

लोक हसले. मी अताकोराकडे वळले आणि ऐकू जाईल तिथपर्यंत ओरडले. पलंगाचं भाडं भरतोस? इथे सुतार मेलेत का? आईची शपथ घेऊन माझं दुकान इस्त्रीच्या फळीने भरतोस? मॅडम अच्याआंना मी काय दाखवू, तुझी उशी? तो पलंगाच्या दांड्या एकीकडे रचत होता, छोटी छोटीकडे, मोठी मोठीकडे. मान वर करत नव्हता.

शेवटी स्वयंपाकघराची पेटी आली. हमालाच्या हातून निसटून ती माझ्या पायाशी उघडली. आत एक ताट, एक वाडगा, एक कप, एक चमचा. वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेले. मी पेटी चाळली, दुसरं ताट कुठे ते बघायला. दुसरं ताट नव्हतं.

"हाइके कुठे आहे?" मी विचारलं. हळू विचारलं, पहिल्यांदाच.

"दोन वर्षं झाली, सिस्टर. ती तिच्या गावी गेली. आता मी काम करायचो ते गोदामही बंद झालं."

बेदियाको म्हणाला, "म्हणजे बोर्गा परत आला? मग बंगला कुठे बांधलाय, तेवढं सांगा. बघायला येतो."

या वेळी सगळ्यात मोठा हशा पिकला. इतकी वर्षं परदेशात काढून घर न बांधता परत येणाऱ्याला मॅगझिनमध्ये काय म्हणतात ते इथे लिहीत नाही. मी स्वतः दोघांना तसं म्हटलेलं आहे. अताकोराने घर का बांधलं नाही हे मला बेदियाकोला सांगता आलं असतं. विटांच्या पैशात त्याने माझ्यासाठी गिअरबॉक्स पाठवले. पण मी फक्त पेटी बंद केली.

७ जून, रविवार

बातमी काल दुपारीच मामापर्यंत पोचली होती. वोफा अंतिएदू, आमच्या आईचा थोरला भाऊ, घराण्याचा कर्ता. वोफाने आज चर्चनंतर सगळ्यांना मूळ घरी बोलावलं. अंगणात खुर्च्या गोल मांडलेल्या, मावश्या, चुलत-मावस सगळे, आणि बेदियाकोची बायको, जिचं आमच्या घराण्याशी नातं फक्त कानाचं.

आधी पाणी दिलं. सगळ्यांशी हात मिळवून झाले. मग वोफाने रीतीप्रमाणे म्हटलं, "इथे आम्ही सगळे सुखरूप आहोत. वाटेवरून तुम्ही आलात. कशासाठी आलात, ते सांगा."

हे विचारल्याशिवाय आमच्यात पाहुणा पाहुणा होत नाही. उत्तर सगळ्यांसमोर द्यावं लागतं, आणि एकदा दिलं की तेच घराण्यात त्याच्या नावावर राहतं. अताकोरा उभा राहिला. तोंड उघडलं. खांद्यावरचं कापड सारखं केलं. पुन्हा तोंड उघडलं. बेदियाकोची बायको पुढे सरकून बसली.

मला इतका संताप आला की बस. त्या बाईचा, तिच्या नवऱ्याचा, खुर्च्यांचा, असे प्रश्न विचारायची रीत पाडणाऱ्यांचा. मी उठले.

"वोफा, तो नाही सांगणार. मी सांगते."

"फ्रेमा, प्रश्न त्याला आहे."

"उत्तर माझ्याकडे आहे. मी बोलावलंय त्याला."

वोफाने चष्मा काढला. "तू?"

"मी. माझे गुडघे गेले. लोखंड एकटीच्याने होत नाही आता. वर्षभर मागे लागले होते, तेव्हा कुठे ऐकलं त्याने. अर्धा कंटेनर गिअरबॉक्स आण आणि अर्धा तुझा संसार आण, हे मीच ठरवलं."

"मग काल मॅगझिनमध्ये ओरडत का होतीस? इथवर आलं ऐकू."

"पलंग ओरखडला त्याने. म्हणून."

मावशी खुदकन हसली. वोफा हसला नाही. तो माझ्याकडे बघत राहिला, आणि मला कळलं की त्याला कळलंय. मग त्याने चष्मा परत लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बहिणीने बोलावलं आणि भाऊ आला. हेच त्याचं येण्याचं कारण. ऐकलंत ना सगळ्यांनी?"

सगळे म्हणाले, ऐकलं. बेदियाकोच्या बायकोलाही म्हणावं लागलं.

माझे गुडघे चांगले ठणठणीत आहेत, आणि आता उरलेला जन्म लंगडत काढायचाय.

३० जून, मंगळवार

मॅडम अच्याआ आल्या. दुकानाच्या एका बाजूला गिअरबॉक्स, दुसऱ्या बाजूला झाडलेली जमीन; अताकोराचं सामान माझ्या घराच्या मागच्या खोलीत गेलं. त्या म्हणाल्या, "अर्धंच भरलंय, फ्रेमा." मी म्हटलं, "दिसतंय." त्या म्हणाल्या, "सगळं काढून घ्यावं एवढी मी वाईट नाही." आणि अर्धी जागा बेदियाकोला दिली.

दुपारी त्याचे सुतार फळ्या घेऊन आले आणि माझ्या दुकानाच्या मध्यात भिंत ठोकायला लागले. अताकोरा उठला आणि फळी सरळ धरायला गेला. मी म्हटलं, तुला काही लाज? तो म्हणाला, "भिंत होणारच आहे, तर वाकडी कशाला होऊ द्यायची?" धरली त्याने. भिंत सरळ झाली.

मला सगळ्यांचा राग आहे. दापाचा, जहाजांचा, बंदरातल्या सील बघणाऱ्यांचा, बेदियाकोचा. अताकोराचाही आहे. पाच महिने अर्धा तुझा, अर्धा माझा करत बसला. एका वाक्याचं काम होतं. फोनवर म्हणायचं, "सिस्टर, मला घरी यायचंय."

आज संध्याकाळी तसं लिहिलं आणि मग विचार केला, की त्याने म्हटलं असतं तर मी काय म्हणाले असते. फार विचार करावा लागला नाही. मी म्हणाले असते, "आधी गिअरबॉक्स पाठव, मग बघू."

त्यालाही ते माहीत असणार. म्हणून तर तो फेब्रुवारीतच माझ्या मागच्या खोलीतल्या नळाचं पाणी विचारत होता.